बदललं ते फक्त घर

१

वॉर्डातून घरी गेलेल्या आजी कशा आहेत हे विचारायला चिमणीनं फोन लावला, तर पलीकडून एका बाईचा घोगरा आवाज आला, "कशा असणार? काल रात्री गेली माझी आई. आता कसली चौकशी करताय?"

आणि फोन आपटला.

चिमणी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात धाकटी सिस्टर. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून हे नाव पडलेलं. त्या सकाळी मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना. रिसीव्हर हातात तसाच धरून ती उभी राहिली, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी तो काढून घेऊन जागेवर ठेवला.

मोठ्या सिस्टर त्या वॉर्डच्या प्रमुख. वॉर्ड कॅन्सरचा. सलाइन, इंजेक्शनं, ड्युट्या हे सगळं त्या बघायच्याच, पण त्यांचा खरा जीव अडकलेला असे तो पेशंट घरी जाण्यात. डिस्चार्ज हा शब्द त्यांना बिलकूल आवडत नसे. "डिस्चार्ज बॅटरी होते. माणसाची पाठवणी होते," त्या म्हणायच्या. आणि पाठवणीचा त्यांचा एकच नियम होता. नर्सनं नुसतं सांगून भागायचं नाही. ऐकणाऱ्यानं ते सगळं उलट तिला सांगायचं. कुठलं औषध, कधी, किती, काय झालं तर कुणाला फोन करायचा, सगळं. अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. पोरींनी त्यांचं नाव 'उलटतपासणी' ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मधूनमधून त्या स्वतः पडद्याआड उभ्या राहून पाठवण्या ऐकायच्या. कुठली नर्स घाई करते, कुठली नुसती मान डोलावून घेते, ते त्यांना तिथंच कळायचं. या आजींची पाठवणीही त्यांनी ऐकली होती. चिमणीनं सांगितलं, आजोबांनी उलट सांगितलं, एका शब्दाची चूक नाही. "अशी हवी पाठवणी," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. चिमणी दिवसभर हवेत होती.

आजींचं दुखणं बरं होणारं नव्हतं. पण डॉक्टरांनी अजून काही महिने दिले होते, आणि आजींना त्यातले थोडेच पुरणार होते. परगावची लेक येणार होती. "तिला डोळे भरून बघते, मग न्या मला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. लेक आली ती सकाळी, आई गेल्यावर. दारात चपला काढताना तिला कळलं.

तिनं रडण्याआधी तक्रार केली. आईचं शरीर तपासायला लावलं. रिपोर्ट आला आणि हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी मोठ्या सिस्टरांना खोलीत बोलावून घेतलं.

"वेदनेचं औषध," साहेब म्हणाले. "रक्तात असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. श्वास मंदावत गेला आणि थांबला. उद्या सकाळी समिती बसतेय. तुमच्या त्या पोरीनं एकाच्या जागी दोन पॅच लावले असणार, दुसरं काय?"

२

हा पॅच म्हणजे एक लहानशी चिकटपट्टी. कातडीवर लावली की तिच्यातलं औषध थेंबाथेंबानं अंगात झिरपत राहतं, गोळ्या गिळाव्या लागत नाहीत, आणि एक पट्टी तीन दिवस पुरते. आजींना तो आठवडाभर वॉर्डात लावलेला होता आणि छान मानवला होता.

"एकच लावला, सिस्टर," चिमणी म्हणाली. औषधांच्या खोलीत ती कपाटाला पाठ लावून उभी होती. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. "जुना काढला, दुमडला, आजोबांसमोर डब्यात टाकला. मग नवा लावला. तुम्ही तर होतात तिथं."

"मी पडद्याच्या अलीकडे होते. ऐकलं सगळं, बघितलं काहीच नाही. कुठं लावलास?"

"पाठीवर, खांद्याखाली. पुढं लावला की आजी झोपेत नखानं काढायच्या ना, म्हणून."

"आणखी काय झालं तेव्हा? कामाचं, बिनकामाचं, सगळं सांग."

चिमणीनं डोळे पुसले. "बिनकामाचंच. आजी थंडीनं कुडकुडत होत्या, नेहमीसारख्या. दोन ब्लँकेटं घालूनही. मला म्हणाल्या, पोरी, तुमच्या या वॉर्डात सगळं आहे, ऊब तेवढी नाही. घरी गेले की बघ कशी झोपते." तिचा आवाज फुटला. "झोपल्याच की हो सिस्टर!"

मोठ्या सिस्टरांनी तिला जवळ घेतलं नाही. त्यांना ते जमायचं नाही. त्यांनी तिच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला आणि रिपोर्ट पुन्हा उघडला. शरीरावर पॅच एकच सापडला होता. ठीक. त्याखाली एक ओळ होती, जिच्याकडे साहेबांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं. पॅचभोवतीची कातडी लालसर, बरीच मोठी जागा, कदाचित चिकटपट्टीची ॲलर्जी.

"वॉर्डात कधी ॲलर्जी आली होती त्यांना?"

"छे! मी रोज बघायचे. कातडी अगदी स्वच्छ."

"माझी नोकरी जाईल का?" चिमणीनं मग विचारलं. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच होती. मोठ्या सिस्टरांना खोटं बोलता येत नसे आणि खरं बोलवेना. "आधी बघू दे मला," एवढंच त्या म्हणाल्या.

३

हॉस्पिटलचे औषधवाले म्हणजे जाडजूड चष्म्याचे, चिडखोर गृहस्थ. आपल्यावर काही शेकणार असं दिसताच त्यांनी आधीच हात वर केले.

"ताकद तीच दिली, सिस्टर. वॉर्डात जी होती तीच. घरी नेलेला डबा लेकबाईंनी तक्रारीसोबत आणून आपटलाय, हा बघा. सील तरी फुटलंय का?"

डबा खरंच न उघडलेला होता. घरी पॅच बदलायची वेळच आली नव्हती. त्याआधीच आजी गेल्या होत्या.

"म्हणजे घरी कुणी दुसरा लावला नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"लावणार कुठून? आकाशातून? आणि तुमच्या पोरीनं दोन लावले असते तर अंगावर दोन सापडले असते. एक काढून कुणी खिशात घातला म्हणाल, तर ते तुमचं तुम्ही बघा."

"गोळ्या?"

"त्या घरी दिल्याच नव्हत्या."

मोठ्या सिस्टर डबा हातात फिरवत राहिल्या. पॅच एकच. ताकद तीच. बाई तीच. आठवडाभर हाच पॅच अंगावर घेऊन आजी बसायच्या, बोलायच्या, नर्सांची लग्नं जुळवायच्या. आणि घरी गेल्यावर त्याच पॅचनं त्यांचा जीव घेतला.

"भूत असेल मग," औषधवाले म्हणाले.

मोठ्या सिस्टरांनी पर्स उचलली. "भुताचा पत्ता द्या. घरी जाऊन येते."

४

दार सुनेनं उघडलं. तिचा नवरा, म्हणजे आजींचा मुलगा, बोटीवर कामाला; त्याला अजून नीट कळलंही नव्हतं. घरात आजोबा, सून आणि आता ही लेक, एवढीच माणसं.

लेक आतूनच कडाडली, "आल्या का? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर हे घर नाही, सांगून ठेवते. तुमच्या नर्सनं मारलं माझ्या आईला." मग तिनं सुनेकडे मान वळवली. "नाहीतर कुणी मारलं ते वहिनीला विचारा. शेजारच्या खोलीत होती. आई गेली तरी हिला पत्ता नाही!"

सुनेनं दार लावून घेतलं. तिनं मोठ्या सिस्टरांना स्वयंपाकघरात नेलं, स्टूल पुढं केलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आईंना काय काय दिलंत घरी आल्यावर?"

"पेज दिली, थोडं दूध दिलं. दुसरं काहीच नाही हो. औषधाला मी हातसुद्धा लावला नाही, ते बाबांकडे."

"रात्री?"

"आई घोरत होत्या. मला बरंच वाटलं. कितीतरी दिवसांनी गाढ झोपल्या म्हटलं. मग मीही झोपले." ती ओट्याची कड घट्ट धरून होती. "ते घोरणं नव्हतं का हो, सिस्टर?"

मोठ्या सिस्टरांना उत्तर माहीत होतं. श्वास अडकत होता, ते घोरणं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. कुणालाच कळलं नसतं."

मागच्या गॅलरीत दोरीवर कपडे वाळत होते. टॉवेल, चादरी, आणि त्यांच्यामध्ये मऊ फ्लॅनेलचा एक अभ्रा. उशीला लहान व्हावा असा, आणि वरच्या बाजूला गळ्यासारखं अरुंद तोंड. मोठ्या सिस्टरांची नजर त्यावरून गेली आणि पुढं सरकली. कधीकधी काखेत कळसा असतो आणि माणूस गावाला वळसा घालत बसतं, तसंच झालं.

आजोबा आतल्या खोलीत होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. खिडकीशी टेबल, त्यावर बारीक हत्यारं, समोर एक उघडं पडलेलं घड्याळ. पलंगावर दोन उशा, त्यातली एक न चुरगळलेली. दाराच्या मागं दोन खिळे होते. एकावर आजींची शाल होती. दुसरा रिकामा होता, आणि त्याच्याखाली भिंतीचा रंग इतर भिंतीपेक्षा उजळ राहिला होता, पाटीएवढा एक लांबट तुकडा.

"बसा, सिस्टर," आजोबा म्हणाले. "मी चुकलो का कुठं?"

"नाही, आजोबा. पुन्हा एकदा उलट सांगाल मला?"

त्यांनी सांगितलं. हात धुवायचे. जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. दुमडून टाकायचा. कापायचा नाही. केसाळ जागी लावायचा नाही. झोप फार येऊ लागली, हाक मारून जाग येईना, तर लगेच फोन. घड्याळाची चक्रं एकेक करून जागच्या जागी बसवावीत तसं त्यांनी सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "हाक नाही मारली मी. झोपली होती शांत. कशाला उठवायची म्हटलं."

एकही चूक नव्हती. मोठ्या सिस्टर उठल्या. निघताना दाराशी त्यांनी सहज विचारलं, "इथं काय असायचं टांगलेलं?"

आजोबांनी खिळ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "तिचंच काहीतरी," ते म्हणाले, आणि टेबलावरच्या घड्याळाकडे वळले.

५

परतीच्या बसमध्ये मोठ्या सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. पुढच्या सीटवर एक आई मुलाला स्वेटर चढवत होती आणि मुलगा हातपाय झाडत होता. "नको काय नको? गारठशील ना!" आई म्हणाली.

मोठ्या सिस्टर ताठ बसल्या.

पॅच तोच, बाई तीच. बदललं ते फक्त घर. मग घरात असं काय होतं जे वॉर्डात नव्हतं? आजींनीच सांगितलं होतं की. तुमच्याकडे सगळं आहे, ऊब तेवढी नाही. लहानसा अभ्रा, वर गळ्यासारखं तोंड. खिळ्याखालचा लांबट उजळ तुकडा. पाठीवरची लाल कातडी, पॅचपेक्षा कितीतरी मोठी.

शेकायची पिशवी. गरम पाण्याची, रबराची.

हॉस्पिटलात उतरताच त्या औषधवाल्यांच्या खिडकीवर जाऊन थडकल्या. "पॅचवर शेक दिला तर काय होतं?"

औषधवाल्यांनी चष्मा वर केला. या वेळी ते चिडले नाहीत. "शेक? ऊब लागली की कातडी औषध भराभर ओढते. थेंबाथेंबानं जायचं ते धारेनं जातं. अहो, डब्यातल्या कागदावर छापलेलं असतं हे."

डबा त्यांच्या टेबलावरच होता. सीलबंद. ज्या सीलनं सगळ्यांना निर्दोष ठरवलं, त्याच्याच आत ही सूचना झोपून राहिली होती. वॉर्डात पॅच सुटे येतात, कागदाशिवाय. आणि वॉर्डात शेकायची पिशवी नसतेच. फार वर्षांपूर्वी कुणा पेशंटला भाजलं होतं म्हणून त्या बंद झाल्या, मोठ्या सिस्टर इथं लागण्याच्याही आधी. चिमणीसारख्या पोरींनी तर वॉर्डात ती कधी बघितलेलीच नाही. जे वॉर्डात दिसत नाही ते सांगायचं कुणाला सुचणार? सगळी उलटतपासणी वॉर्डातून बघून बनवलेली. घरातून बघून एक प्रश्नही नाही.

आणि घरच्यांना काय काय दिलंत असं विचारलं, तर त्यांनी पेज सांगितली, दूध सांगितलं. शेक कुणी सांगितला नाही. शेक हे काही द्यायचं औषध नव्हे, ती माया असते. ती कोण मोजून सांगतं?

चिमणी सुटली होती. सून सुटली होती. मोठ्या सिस्टरांना आनंद व्हायला हवा होता. त्या तिथल्या बाकावर बसल्या. उद्या समितीत हे सांगावंच लागणार, नाहीतर पोरीची नोकरी जाणार. आणि सांगितलं की ते त्या घरी पोचणार, सरकारी भाषेत, शिक्का मारून. आजोबा ते चष्मा लावून वाचणार.

त्यांनी बसच्या थांब्याकडे वळून बघितलं. आजच, संध्याकाळच्या आत.

६

"माझ्याकडे आहे ती," आजोबा म्हणाले.

मोठ्या सिस्टरांनी फक्त पिशवी कुठं आहे एवढंच विचारलं होतं. आजोबांनी आपल्या उशीवरची चादर बाजूला केली. टॉवेलात गुंडाळलेली, रंग उडालेली रबराची पिशवी तिथं होती. "झोप लागत नाही तिच्यावाचून. दुपारी पाणी भरतो आणि पोटाशी धरतो. हसाल तुम्ही."

मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. लेक दारात येऊन उभी राहिली होती, तिच्यामागं सून.

"त्या रात्री आजींना शेक दिलात?"

"रोजचाच की. लग्न झाल्यापासून तिचे पाय गार. त्या रात्री पाठ दुखतेय म्हणाली, म्हणून पाठीला लावली. गार झाली की उठून पुन्हा भरायचो. किती वेळा उठलो कोण जाणे." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "म्हणाली, अहो, किती बरं वाटतंय. असं शेवटचं बोलली बघा. किती बरं वाटतंय."

तेव्हा मोठ्या सिस्टर त्यांच्या शेजारी पलंगावर बसल्या. वॉर्डात कुणाच्या पलंगावर बसू नये हा त्यांचाच नियम. त्यांनी हळूहळू, एकेक करून सांगितलं. ऊब, कातडी, औषध. सगळं सांगून झाल्यावर टेबलावरच्या उघड्या घड्याळाकडे बघत आजोबा म्हणाले, "म्हणजे मी."

"नाही."

"मी, सिस्टर. भरभरून लावली. गार होऊ दिली नाही." त्यांनी आपले हात मांडीवर उलटेसुलटे करून बघितले. आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा धरलेले हात. "तिला दुखलं का?"

"नाही. झोपेतच. ऊब होती, तुम्ही होतात. यातलं काही खोटं नाही, आजोबा, मला खोटं बोलता येत नाही."

"बाबा," लेक म्हणाली. तिच्या आवाजात आता राग शोधूनही सापडला नसता.

आजोबांनी मान वर केली. "त्या दिवशी तुमच्या पोरीनं माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. कारण काय, तर म्हणे उलट सांगितल्याशिवाय पक्कं होत नाही. मग आता तुम्ही मला सांगा. चूक कुणाची?"

"आमची," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "घरी शेकायची पिशवी आहे का, हे विचारायचं राहिलं. मी पडद्याआडून ऐकत होते, मलाही सुचलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही कधीच लावली नसती."

"पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा सांगताना मोठ्या सिस्टरांचा आवाज भरून आला. इतक्या वर्षांत वॉर्डातल्या कुणी तो तसा ऐकला नव्हता. आजोबांनी डोळे मिटून ऐकून घेतलं, आणि मान हलवली. पटलं म्हणून हलवली की पटवून घ्यायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मग ते लेकीला म्हणाले, "वहिनीला काहीबाही बोललीस ना? जा, तिचा हात धर." लेक वळली. तिला हात धरायला सुचेना, ती सरळ सुनेच्या गळ्यात पडली, आणि दोघी दारातच हमसून हमसून रडायला लागल्या.

आजोबांनी पिशवी टॉवेलातून काढली. कडेला रबर चिरलं होतं तिथं त्यांनी कधीतरी स्वतः ठिगळ लावलं होतं, इतकं बेमालूम की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. त्यांनी ती मोठ्या सिस्टरांच्या हातात दिली.

"घेऊन जा. पाठवणीच्या वेळी ही दाखवा माणसांना. नुसतं विचारून कळायचं नाही कुणाला, घरोघरी नावं वेगळी असतात." मग जरा थांबून, "माझं काय, मला झोप नाही आली तरी चालेल."

"ठेवा ना तुम्ही, आजोबा. मी दुसरी विकत घेते."

"नको. ही दाखवा."

दुसऱ्या दिवशी समितीपुढं मोठ्या सिस्टरांनी पहिलं नाव स्वतःचं घेतलं. साहेबांना ते फारसं रुचलं नाही, पण चिमणी राहिली. त्या दुपारी एका पेशंटची पाठवणी होती आणि पडद्याआडून चिमणीचा आवाज आला, थोडा कापरा, पण स्पष्ट, "काका, घरी अशी पिशवी आहे का तुमच्याकडे?"

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मोठ्या सिस्टर बसमध्ये खिडकीशी बसल्या होत्या आणि पिशवी त्यांच्या मांडीवर होती. पाणी ओतून टाकायचं कुणालाच सुचलं नव्हतं. बस हॉस्पिटलापाशी आली तरी ती अजून कोमट होती.